एका दिवसाचे युद्ध, दोन टेबलांवर : राजारामपुरीतील वाळूच्या नकाशांचे सादरीकरण

राजारामपुरीतील एका शाळेच्या सभागृहात महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धातील एकाच दिवसाचे, ४ डिसेंबरचे, वाळूच्या नकाशांवर सादरीकरण केले जाते. पायदळातून निवृत्त झालेले एक सुभेदार आणि इतिहास शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका ते मिळून करतात. माणशी दीडशे रुपये घेतले जातात, विद्यार्थ्यांना निम्मे पैसे पडतात, आणि मध्यंतरातील चहा धरून कार्यक्रम सुमारे अडीच तास चालतो. आपल्या शहरात सहकुटुंब पाहण्यासारखे जे थोडे गंभीर कार्यक्रम होतात त्यांत मी याला वरचे स्थान देईन. त्यातील उणिवाही मी येथे सविस्तर लिहिणार आहे, कारण एवढ्या कष्टाने उभे केलेले काम नुसत्या वाहवावर सोडून देणे योग्य वाटत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात सैन्याची गोष्ट परकी नाही. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारखी गावे, टेंबलाई टेकडीच्या परिसरातील मराठा लाइट इन्फंट्रीची प्रादेशिक सेनेची बटालियन, आणि भरती झालेल्या मुलाला घरातली माणसे जिथवर पोचवायला जातात ते बेळगावचे सेंटर, यांमुळे युद्धाच्या कथा येथे घरोघरी ऐकायला मिळतात. मात्र या कथा सुट्या सुट्या ऐकायला मिळतात. राजस्थानच्या वाळवंटातील लोंगेवालाची लढाई कोणाला तरी ठाऊक असते, कराचीवरील हल्ला दुसऱ्या कोणाला, आणि गंगासागरला हुतात्मा झालेल्या अल्बर्ट एक्का यांचे नाव शाळेतल्या फलकावर वाचलेले असते. या साऱ्या घटना जेमतेम दीड दिवसाच्या आत, एकमेकींपासून शेकडो कोस दूर, पण एकाच युद्धाच्या एकाच वळणावर घडल्या, हे कोणी सलग दाखवत नाही. या सादरीकरणाने तेवढे एकच काम हाती घेतले आहे आणि त्याचे सगळे मोल त्यातच आहे.

'एक दिवस' हा शब्दप्रयोग आयोजकांनी थोडा सैल वापरला आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. निवेदन सुरू होते ते शुक्रवार, ३ डिसेंबर १९७१ रोजी संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास, पाकिस्तानी विमानांनी पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर, अंबाला अशा आपल्या विमानतळांवर हल्ले केले त्या क्षणापासून. आणि संपते ते रविवार, ५ डिसेंबरच्या पहाटे, जैसलमेरहून हंटर विमाने उडतात तेव्हा. म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने हा दीड दिवस झाला. मला ही सूट मान्य आहे, कारण ४ तारखेच्या दोन्ही बाजूंच्या रात्री कापून टाकल्या तर हातात उरेल तो केवळ दिवसाचा उजेड, आणि या दिवसाचे मर्म तर त्या दोन रात्रींतच आहे. तरीही हातात दिल्या जाणाऱ्या पत्रकावर हा कालावधी स्पष्ट छापायला हवा. लोंगेवालाची लढाई ४ तारखेची की ५ तारखेची, असा प्रश्न मध्यंतरात एका श्रोत्याने विचारला, तो या संदिग्धतेमुळेच.

सभागृहात दोन मोठी लाकडी टेबले मांडलेली असतात. पश्चिमेच्या टेबलावर वरच्या टोकाला पूँछ आणि छंब, मध्ये सतलजचा पट्टा, खाली राजस्थानचे वाळवंट आणि त्याला लागून कराचीपर्यंतचा समुद्र आहे. पूर्वेच्या टेबलावर पूर्व पाकिस्तान, म्हणजे आजचा बांगलादेश, त्याच्या तिन्ही बाजूंची भारतीय सरहद्द आणि खाली बंगालचा उपसागर. डोंगर ओल्या वाळूचे, हिरवळ रंगवलेल्या भुशाची, नद्या निळ्या रांगोळीच्या, सरहद्द पांढऱ्या लोकरीची आणि समुद्राच्या जागी ताणून बसवलेले निळे कापड. पलटणीत कोणत्याही मोहिमेआधी जवानांना असेच सँड मॉडेल दाखवून कामगिरी समजावतात, त्यामुळे सुभेदारांच्या हाताला या कामाची सवय असल्याचे लगेच दिसते. चांदीच्या मुलाम्याची लांब काठी ते नकाशाला कधीही टेकवत नाहीत. ती वाळूच्या बोटभर वर थांबते, आणि तेवढ्यावरून आपल्याला नेमकी जागा कळते. दोन्ही टेबलांच्या मध्ये भिंतीवर मोठे घड्याळ आहे. त्याचे काटे प्राध्यापिका बाई हाताने फिरवतात, आणि घड्याळ पुढे सरकले की निवेदनही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. तंत्र म्हणाल तर इतकेच आहे आणि ते पुरेसे आहे.

पहिली रात्र झपाट्याने उलगडते. विमानहल्ल्यानंतर कलकत्त्याहून दिल्लीला परतलेल्या इंदिरा गांधी मध्यरात्रीनंतर आकाशवाणीवरून देशाशी बोलतात, तोवर पश्चिमेच्या टेबलावर पूँछच्या चौक्यांवर हल्ला झालेला असतो, छंबच्या आघाडीवर पाकिस्तानच्या २३ व्या डिव्हिजनच्या तोफा सुरू झालेल्या असतात, आणि सतलजच्या पलीकडे हुसैनीवाला येथे १५ पंजाब पलटण आपला तळ धरून लढत असते. पूर्वेच्या टेबलावर त्याच रात्री आखौड्याजवळ गंगासागर रेल्वे स्थानकाच्या ठाण्यावर १४ गार्ड्सने चढाई केली. जखमी अवस्थेत लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांनी मशीनगनचे मोर्चे एकामागून एक बंद पाडले आणि शेवटच्या मोर्चानंतर प्राण सोडला. १९७१ च्या युद्धात चार परमवीर चक्रे दिली गेली, त्यांपैकी पूर्व आघाडीवरचे हे एकमेव. हा प्रसंग सुभेदार मोजक्या वाक्यांत सांगतात, आवाज चढवत नाहीत, आणि म्हणूनच तो मनाला भिडतो.

त्यानंतर काठी खाली, बंगालच्या उपसागरावर येते. पाकिस्तानची 'गाझी' ही अमेरिकी बनावटीची पाणबुडी 'विक्रांत' या आपल्या विमानवाहू नौकेच्या शोधात विशाखापट्टणमजवळ आली होती. प्रत्यक्षात 'विक्रांत' अंदमानच्या बाजूला हलवली गेली होती, आणि ती विशाखापट्टणमजवळच आहे असा भास निर्माण करण्यासाठी 'राजपूत' या जुन्या विनाशिकेला पुढे करण्यात आले होते. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात 'गाझी' आपल्या नव्वदहून अधिक खलाशांसह बुडाली. ती 'राजपूत'ने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बमुळे, बुडाली, असे आपले नौदल सांगते. तिच्यातच झालेल्या स्फोटाने किंवा तिनेच पेरलेल्या पाणसुरुंगाने बुडाली, असे पाकिस्तानी बाजू सांगते. निवेदनात बाईंनी ही दोन्ही मते प्रामाणिकपणे मांडली, याचा मला आनंद झाला. पत्रकात मात्र पहिलेच मत निर्विवाद वस्तुस्थिती म्हणून छापले आहे. श्रोते घरी घेऊन जातात ते पत्रकच, तेव्हा ही विसंगती दूर व्हायलाच हवी.

४ तारखेचा दिवस, म्हणजे उजेडाचे तास, पूर्वेच्या टेबलावर अधिक सरस झाले आहेत. 'विक्रांत'च्या एका बॉयलरला तडे गेल्यामुळे तिचा वेग मर्यादित झाला होता, आणि अशा नौकेला लढाईत उतरवावे की नाही यावर बराच खल झाला होता. त्या सकाळी तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारच्या विमानतळावर आणि पुढे चितगावच्या बंदरावर हल्ले केले. सुभेदारांनी निळ्या कापडावर छोटी लाकडी नौका सरकवत सरकवत आणून ठेवली आणि समोरच्या किनाऱ्यावरची दोन निशाणे एकेक करून आडवी केली. पूर्व पाकिस्तानात त्यांच्या हवाई दलाची सेबर विमानांची एकच तुकडी होती. ती गुंतून पडली, आणि समुद्राची वाट बंद झाली की आतल्या फौजेला ना माघारीचा मार्ग उरणार होता ना रसद मिळणार होती. पूर्वेतील युद्ध तेरा दिवसांत का आटोपले, याचे निम्मे उत्तर या एका हालचालीत आहे, आणि ते भाषणाशिवाय नुसत्या डोळ्यांना दिसले.

त्याच दिवशी संध्याकाळी कमालपूरचे ठाणे शरण आले. हे ठाणे नकाशावर मोहरीएवढे आहे, पण या कार्यक्रमाने त्याला दिलेला वेळ अगदी योग्य आहे. मेघालयाच्या सरहद्दीला लागून असलेल्या या चौकीला सुमारे तीन आठवडे वेढा होता. त्याआधी मुक्तिवाहिनीने, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बंगाली सैनिकांनी, तिच्यावर वारंवार धडका दिल्या होत्या, आणि नोव्हेंबरमध्ये तिथेच मुक्तिवाहिनीच्या अकराव्या सेक्टरचे प्रमुख अबू ताहेर यांना पाय गमवावा लागला होता. ४ डिसेंबरला विमानहल्ले होत असताना मुक्तिवाहिनीचे तरुण दूत शरणागतीचे पत्र घेऊन चौकीत गेले. कॅप्टन अहसान मलिक यांनी अखेर शस्त्रे खाली ठेवली, आणि त्यांनी ज्या चिकाटीने ठाणे राखले त्याबद्दल जनरल माणेकशा यांनी त्यांचे कौतुक केले. शत्रूच्या अधिकाऱ्याविषयीचा हा आदर सुभेदारांनी संकोच न करता व्यक्त केला, तेव्हा सभागृहातील ज्येष्ठ मंडळींनी माना डोलावल्या.

कमालपूरमुळे आपल्या भागातील माणसांचा धागाही जुळतो. ते पडल्यामुळे बक्षीगंजमार्गे जमालपूरकडे जाणारा रस्ता मोकळा झाला, आणि ९५ व्या माउंटन ब्रिगेडबरोबर त्या रस्त्याने पुढे गेलेल्या पलटणींत १ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे आपली 'जंगी पलटण', होती. ब्रह्मपुत्रा ओलांडून तिने जमालपूरच्या दक्षिणेला टांगाईलचा रस्ता अडवला आणि १० डिसेंबरच्या रात्री निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानी बलुच बटालियनला थोपवून धरले. हे सारे ४ तारखेच्या पुढचे आहे, पण त्याचा उल्लेख करण्यात आयोजकांनी घाई केली असे मला वाटते. जिल्ह्यातल्या अनेक घरांचा जिच्याशी प्रत्यक्ष संबंध आहे अशी ही कथा दोन वाक्यांत उरकली गेली. दिवसाची चौकट न मोडताही, कमालपूरहून जमालपूरपर्यंतचा रस्ता वाळूत आखून ठेवता आला असता.

मध्यंतरानंतर जे घडते त्यासाठी हा कार्यक्रम पाहावा. घड्याळ ४ डिसेंबरच्या संध्याकाळवर येते आणि निवेदन पूर्णपणे पश्चिमेच्या टेबलावर स्थिरावते. एका कडेला समुद्रात तीन छोट्या नौका, दुसऱ्या कडेला वाळवंटात एक चौकी. बाई म्हणाल्या, नुकतीच दत्तजयंती झाली होती, नरसोबाच्या वाडीची गर्दी ओसरत होती, पौर्णिमा उलटून दोनच दिवस झाले होते, तेव्हा त्या रात्री आकाशात चंद्र होता हे लक्षात ठेवा. इतके साधे वाक्य, पण ते ऐकल्यावर लोंगेवालाच्या टेकाडावरून दूरवरच्या वाळूत चांदण्यात काय दिसत असेल, याची कल्पना करता आली.

समुद्राकडची बाजू आधी घेतली आहे. 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्र नौका मुळात बंदराच्या रक्षणासाठी घेतलेल्या होत्या. सुमारे चाळीस मीटर लांबीच्या, वेगाने जाणाऱ्या, प्रत्येकी चार क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या, पण पल्ल्याने आखूड. कराचीपर्यंत त्यांना नेऊन परत आणायचे म्हणजे इंधनाचा आणि सोबतीचा बंदोबस्त करणे भाग होते, म्हणून 'किलतान' आणि 'कच्छल' या पाणबुडीविरोधी नौका व 'पोषक' हा तेलवाहू टँकर यांची योजना झाली. कमांडर बब्रूभान यादव 'निपात'वरून या तुकडीचे नेतृत्व करत होते. दिवसा हा ताफा कराचीपासून दूर राहिला, कारण पाकिस्तानी विमानांना रात्री समुद्रावरील नौकांवर हल्ला करण्याची क्षमता नव्हती आणि सगळा बेत त्या एका गोष्टीवर उभा होता. रात्री पावणेअकराच्या सुमारास 'निर्घात'च्या क्षेपणास्त्रांनी 'खैबर' ही विनाशिका बुडवली. तिच्यावरच्या खलाशांना शेवटपर्यंत विमानाने हल्ला केल्यासारखे वाटत होते, आणि दोनशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. 'निपात'ने दारूगोळा वाहणारे 'व्हीनस चॅलेंजर' हे व्यापारी जहाज आणि 'शाहजहान' ही विनाशिका यांवर मारा केला. 'वीर'ने 'मुहाफिज' ही सुरुंग काढणारी नौका बुडवली, आणि तिला बिनतारी संदेश पाठवण्याइतकीही उसंत मिळाली नाही. त्यानंतर 'निपात'ने कियामारीच्या तेलाच्या टाक्यांवर क्षेपणास्त्र सोडले आणि ताफा एकही नौका न गमावता फिरला. आजही ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून पाळला जातो, तो या रात्रीसाठी.

नौदलाच्या क्षेपणास्त्रांनी युद्धनौका बुडण्याचा प्रकार त्याआधी १९६७ मध्ये इस्रायलच्या 'आयलात' या विनाशिकेच्या बाबतीत घडला होता, आणि त्याच जातीचे क्षेपणास्त्र येथेही वापरले गेले, ही पार्श्वभूमी बाईंनी थोडक्यात दिली. बंदराच्या पहाऱ्यासाठी घेतलेल्या नौका शत्रूच्या बंदरावर नेण्याचे धाडस नौदलप्रमुख अॅडमिरल नंदा यांनी का केले, याची थोडी अधिक चर्चा मला हवी होती.

यानंतर घड्याळाचा काटा मागे न नेता काठी वाळवंटाकडे वळते. लोंगेवालाच्या चौकीत मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली २३ पंजाबची एक कंपनी, म्हणजे सुमारे १२० जवान होते. सरहद्दीवर गस्तीला गेलेल्या सेकंड लेफ्टनंट धरमवीर यांच्या तुकडीने ४ तारखेच्या रात्री रणगाड्यांच्या इंजिनांचा आवाज ऐकला आणि कळवला. चौकीजवळ जीपवर बसवलेली रीकॉइललेस, म्हणजे रणगाडे फोडणारी हलकी, तोफ, उखळी तोफा आणि मशीनगन एवढेच बळ होते. बटालियनचे मुख्यालय सधेवालाला, कुमक लगेच पोचणे अशक्य, आणि माघार घ्यायची तर रणगाड्यांपुढे पायी. चांदपुरींनी थांबायचे ठरवले. मध्यरात्रीनंतर तोफा सुरू झाल्या, चाळीसच्या आसपास रणगाडे चौकीपुढे आले, पण तारेचे कुंपण पाहून पुढे सुरुंग असावेत असे हल्लेखोरांना वाटले आणि ते थबकले. काही रणगाडे वाळूत रुतले. ही चौकी दक्षिण कमांडच्या, म्हणजे पुण्याहून लेफ्टनंट जनरल गो. गु. बेवूर यांच्या हुकमतीखाली चाललेल्या आघाडीत होती. त्या भागातील आपली १२ वी डिव्हिजन स्वतःच रहीमयार खानच्या दिशेने चढाईची तयारी करत होती, त्यामुळे अशा हल्ल्याची अपेक्षा कोणी ठेवली नव्हती. ही गोष्ट सिनेमात दिसत नाही, ती येथे कळते.

याच ठिकाणी पुढच्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, "आजोबा, मग विमानं रात्रीच का नाही पाठवली?" सुभेदार म्हणाले, "बाळा, जैसलमेरच्या हंटर विमानांत रात्रीचं बघायची सोय नव्हती. उजाडेपर्यंत थांबणं भाग होतं." आणि काठी उचलून त्यांनी ती वाळवंटावरून सरळ समुद्रावर नेली, जिथे त्या तीन नौका परतीच्या वाटेवर ठेवलेल्या होत्या. दुसरे काही बोलले नाहीत. एकाच रात्रीने यादव यांच्या खलाशांना शत्रूच्या विमानांपासून झाकले आणि त्याच रात्रीने चांदपुरींच्या जवानांना स्वतःच्या विमानांपासून तोडले. हा संबंध मी यापूर्वी इतक्या स्पष्टपणे कोठेही मांडलेला पाहिला नव्हता, आणि दोन टेबले व एक घड्याळ यांची ही सगळी मांडणी त्या एका क्षणात सार्थ झाली. पहाटे हंटर आले, मेजर आत्मासिंग यांनी कृषक या छोट्या विमानातून त्यांना लक्ष्ये दाखवली, आणि हवाई संरक्षणाशिवाय उघड्या वाळूत आलेले रणगाडे एकामागून एक जळू लागले.

आयोजकांचा प्रामाणिकपणा छंब आणि हुसैनीवाला यांच्या मांडणीत दिसतो. छंबला आपल्या १० व्या डिव्हिजनला आधी चढाईची तयारी करायला सांगितले गेले आणि अगदी शेवटी बचावाची भूमिका घ्यावी लागली, त्यामुळे बचावाची फळी अपुरी राहिली. पुढच्या काही दिवसांत मनावर तवी नदीच्या अलीकडे यावे लागले, आणि युद्धानंतर ठरलेल्या नियंत्रणरेषेत छंब पाकिस्तानकडेच राहिले. पाकिस्तानचे मेजर जनरल इफ्तिखार जंजुआ याच लढाईच्या काळात हेलिकॉप्टर अपघातात मरण पावले, हेही सांगितले जाते. हुसैनीवालाच्या बाबतीत मराठी श्रोत्याच्या मनाला वेगळी कळ लागते. तिथे भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांच्यावर १९३१ मध्ये अंत्यसंस्कार झाले होते. फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेली ती जागा १९६१ च्या अदलाबदलीत भारताला मिळाली होती आणि तिथे स्मारक उभे राहिले होते. १५ पंजाबने शौर्याने झुंज दिली, तरी तो तळ सोडावा लागला. सुभेदारांनी स्मारकाच्या जागी एक छोटी पणती ठेवली आहे आणि तळ गेल्यावरही ती ते विझवत नाहीत. हा भावुकपणा काहींना अनाठायी वाटेल. मला तो उचित वाटला.

उणिवांमध्ये सर्वांत मोठी उणीव पूर्वेच्या मांडणीतील आहे. तिथल्या लढाया लष्करी हालचाली म्हणून उत्तम दिसतात, पण हे युद्ध ज्या कारणाने झाले ते टेबलावर नाही. त्या वर्षी मार्चपासून पूर्व पाकिस्तानात झालेल्या अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते, आणि मुक्तिवाहिनीचे लढवय्ये अनेक महिने आधीपासून लढत होते. कमालपूरच्या प्रसंगाबाहेर त्यांचा उल्लेख जवळजवळ नाही. सुरुवातीच्या पाच मिनिटांत ही पार्श्वभूमी दिली, तर नंतरच्या प्रत्येक निशाणाला अर्थ येईल. ४ डिसेंबरलाच न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली आणि अमेरिकेच्या युद्धबंदीच्या ठरावावर सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला, हेही त्याच घड्याळावर दाखवता येईल. आघाडीवरच्या सेनापतींना आणखी किती दिवस मिळणार, हे तिथे ठरत होते.

दुसरी उणीव प्रकाशयोजनेची. रात्र झाली की दोन्ही टेबलांवरचे दिवे एकत्र मंद होतात आणि पहाट झाली की एकत्र उजळतात. प्रत्यक्षात ढाक्याकडे जैसलमेरपेक्षा सव्वा तासाहून थोडे अधिक आधी उजाडते. ज्या कार्यक्रमाचा सारा भर वेळेवर आहे, आणि जिथे पहाटेची वाट पाहण्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते, तिथे हा फरक दाखवलाच पाहिजे. प्रत्येक टेबलाला वेगळे बटण जोडले की काम झाले. त्याच वेळी स्फोटांचे ध्वनिमुद्रण कायमचे बंद करावे. ते एवढे कर्कश आहे की कराचीच्या प्रसंगात बाईंची दोन-तीन वाक्ये ऐकूच आली नाहीत, आणि माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी कानांवर हात ठेवले.

प्रमाणाचा प्रश्नही आहे. वाळवंट आणि समुद्र एकाच टेबलावर असल्यामुळे लोंगेवाला आणि कराची हातभर अंतरावर दिसतात, आणि चौकीचे टेकाड तर कराची बंदराएवढे झाले आहे. समजावणीसाठी ते चालेल, पण कडेला एक प्रमाणपट्टी लावून अंतरे किलोमीटरमध्ये लिहावीत. समुद्रावरच्या यशाची बाजू सांगताना, पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ आपली 'खुकरी' पाकिस्तानी पाणबुडीच्या माऱ्याने कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह बुडाली, एवढे एक वाक्य जोडले तर छंबबाबत दाखवलेला तोल समुद्रालाही लाभेल.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. बैठक भारतीय पद्धतीची आहे, खुर्च्या फक्त मागच्या भिंतीशी आहेत, आणि तिथून वाळूतले बारकावे दिसत नाहीत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी सांगितले तर टेबलाच्या कडेला स्टूल मिळते. दहा वर्षांखालील मुले दुसऱ्या भागात कंटाळतात, पण त्यावरची मुले खिळून राहतात. चहा चांगला आहे, वेळ काटेकोर पाळली जाते, आणि कार्यक्रम संपल्यावर सुभेदार टेबलापाशी थांबून प्रश्नांना उत्तरे देतात; ती अर्धी घटका चुकवू नये, कारण निवेदनात न आलेल्या कितीतरी गोष्टी तेव्हा कळतात. वाहने लावायला गल्लीत जागा कमी आहे, त्यामुळे शक्य तर रिक्षाने जावे. गडहिंग्लज, कागल आणि शिरोळच्या शाळांनी बोलावले तर टेबले सुटी करून तिकडे नेण्याची त्यांची तयारी आहे. तसे होण्यापूर्वी पत्रक नव्याने छापून घ्यावे, त्यात 'गाझी'विषयीची दोन्ही मते आणि ३ डिसेंबरची संध्याकाळ ते ५ डिसेंबरची पहाट हा कालावधी द्यावा, अशी माझी आयोजकांना विनंती आहे.